खर्डीला गाडी थांबते का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. मामीसाठी एक मिक्सर ऑनलाइन मागवला. मामा-मामी राहतात खर्डीला. मुंबईकरांना सांगायचं तर कसारा लोकलमधे बसायचं आणि कसाऱ्याच्या दोन स्टेशनं अलीकडे उतरायचं. शहापूर तालुका, जिल्हा ठाणे. पत्ता नीट दिला होता, फोन नंबर दिला होता, पैसे आधीच भरले होते.

तर झालं असं की मिक्सर सोमवारी रात्री भिवंडीच्या गोदामातून निघाला आणि मंगळवारी पहाटे नाशिकला पोचला. आता भिवंडीहून नाशिकला जाणारा रस्ता म्हणजे आपला आग्रा रोड, आणि तो खर्डीवरूनच जातो. बुधवारी नाशिकहून तो उलटा निघाला, पुन्हा घाट उतरला, पुन्हा खर्डीवरून गेला आणि शहापूरला येऊन बसला. गुरुवारी मला मेसेज आला, हा पत्ता घरपोच सेवेच्या बाहेर आहे, कृपया वस्तू येऊन घेऊन जा. शेवटी मामा लोकलनं आसनगावला गेला, तिथून रिक्षानं शहापूरला, आणि मिक्सर मांडीवर घेऊन परत आला. रात्री फोनवर म्हणतो, "भाच्या, दोनदा गेला की रे तुमचा टेम्पो इथनं. मी नाक्यावरच तर बसलेलो. हात केला असता तर थांबला असता काय?"

मी हसलो खरा, पण जरा ओशाळूनच. कारण मी पोटासाठी हेच करतो. ज्यांनी मिक्सर पोचवला ती कंपनी माझी नाही, पण गाड्यांचे मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर मीही लिहितो. आमच्या प्रोग्राममधे प्रत्येक थांब्याला एक दंड असतो. गाडी थांबवायची, शटर वर करायचं, पार्सल शोधायचं, सही घ्यायची, पुन्हा रस्त्याला लागायचं, या सगळ्याचा मिळून एक आकडा. त्या थांब्यावर उतरणाऱ्या मालातून हा आकडा वसूल होत नसेल तर प्रोग्राम थांबा गाळतो. यात कुणाचाही दुष्टपणा नाही. साधी वजाबाकी आहे.

पण मामाचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून दोन-तीन शनिवार-रविवार जुनी पुस्तकं आणि नकाशे घेऊन बसलो. प्रश्न एकच. या रस्त्यानं इतकी वर्षं माल जातोय, तर तो खर्डीच्या आसपास कधी आणि का थांबायचा?

*

आधी भूगोल. कोकण आणि देश यांच्यामधे सह्याद्रीची भिंत आहे हे आपण चौथीपासून वाचतो. पण मालवाहतुकीच्या नजरेनं पाहिलं तर ती भिंत नाही, पायरी आहे. एकच, पण प्रचंड उंच. खाली बंदरं, मीठ, भात, मासळी. वर ज्वारी, गूळ, कापूस, कापड. शंभर किलोमीटर सपाट रस्ता तुडवायला जेवढा त्रास होत नाही तेवढा या एका पायरीला होतो. आणि जिथे पायरी येते तिथे वाहन बदलावं लागतं. गाडीतला माल उतरवून बैलाच्या पाठीवर, बैलावरचा माणसाच्या डोक्यावर, वर गेलं की पुन्हा गाडीत. माल हातातून हातात जातो तिथे हमाल लागतो, चारा लागतो, पाणी लागतं, रात्रीचा निवारा लागतो, हिशेब ठेवणारा लागतो. थोडक्यात, तिथे गाव उभं राहतं.

याचा आपल्या भागातला सगळ्यात जुना पुरावा खर्डीला नाही. तो शेजारच्या मुरबाड तालुक्यात, नाणेघाटात आहे. पायथ्याशी वैशाखरे, वर जुन्नरचा मुलूख. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या वाटेनं जुन्नर-पैठणकडे चढायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. रांजणाचं काहीही असो, शेजारच्या लेण्यातला नागनिका राणीचा शिलालेख मात्र पक्का आहे. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, हजारांनी कार्षापण, आणि हे सगळे आकडे अंकांत कोरलेले आहेत. भारतात अंकचिन्हं दिसण्याच्या फार जुन्या जागांपैकी ही एक. मला हे भारीच आवडलं. अंकांचा इतका जुना लेख सापडावा तो एका घाटाच्या तोंडाशी, जिथे रोज माल मोजला जात असणार. (आमच्या ऑफिसातसुद्धा सगळ्यात जास्त आकडे गोदामाच्या दारातच तयार होतात.)

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम ग्रीक खलाशानं किंवा व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं बंदरांचं टिपण लिहून ठेवलं. त्यात पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. तिथून अकीकासारखे दगड, साधं कापड, मलमल असा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातो असं तो लिहितो. नकाशा काढून बघा. पैठणहून कल्याण जवळ की भडोच? कल्याण, अर्थातच. मग माल भडोचला का? त्याचं उत्तरही त्याच टिपणात आहे. कल्याण पूर्वी चांगलं बंदर होतं, पण आता तिथे अडवणूक चालते, चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे राजकारणानं बंदराचं तोंड आवळलं आणि माल लांबच्या वाटेला लागला.

मिक्सर आठवला ना? तोही जवळची वाट सोडून लांबून फिरला. दोन हजार वर्षांत माल लांबून जाण्याची कारणं बदलली, पण वाट कोण ठरवतो याचं उत्तर फारसं बदललेलं नाही. वाटेतल्या गावाला कुणी विचारत नाही.

*

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण खर्डीची खरी गोष्ट तिथे सुरू होते, आणि तिचं मूळ कापसात आहे.

वऱ्हाडचा कापूस आज आपल्याला मुंबईशी जोडलेला वाटतो, पण आधी तसं नव्हतं. तो बैलांच्या पाठीवरून थेट उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. वऱ्हाडातून मुंबईला थेट कापूस धाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८२५-२६ साली व्हिकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांच्या पेढीनं केला. ५०० बैल आणि १ लाख २० हजार पौंड कापूस. म्हणजे एका बैलावर २४० पौंड, साधारण १०९ किलो.

सवयीनं लगेच कॅलक्युलेटर काढला. ५०० बैलांचा तांडा म्हणजे सगळा मिळून ५४ टन. वजनाच्या हिशेबानं हा अख्खा तांडा आजच्या मालगाडीच्या एका वाघिणीत बसतो. आज एक भरलेली मालगाडी चारेक हजार टन ओढते असं धरलं तर तेवढ्या मालाला साडेछत्तीस हजार बैल लागतील. बैल दिवसाला पंधरा किलोमीटर चालले तरी खूप. आणि रोज संध्याकाळी या सगळ्यांना चारा-पाणी हवं. त्या काळचा तांडा म्हणजे रोज रात्री कुठे ना कुठे वसणारं एक गावच. बंजारा समाजातल्या कित्येक पिढ्या याच कामात गेल्या. धान्य आणि मीठ घेऊन घाट चढायचा-उतरायचा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उगाच "गेले ते दिवस" होईल. उघड्यावरून महिना-दोन महिने आलेला कापूस धुळीनं माखायचा. पावसाळ्याआधी घाट उतरला नाही तर भिजायचा नाहीतर वरच अडकायचा. मुंबईच्या बाजारात त्याची किंमत पडायची आणि ती पडलेली किंमत शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून जायची. थांबे होते म्हणून वाटेवरच्या गावांना रोजगार होता, हे खरं. त्याच थांब्यांचा खर्च दुसऱ्या टोकाचा शेतकरी भरत होता, हेही तितकंच खरं.

*

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे. ही तारीख सगळ्यांना पाठ असते. त्यानंतरच्या तारखा कुणी पाठ करत नाही, पण आपल्या गोष्टीत त्याच महत्त्वाच्या आहेत. १८५४ ला कल्याण, १८५५ ला वासिंद, १८६० ला आसनगाव, आणि १ जानेवारी १८६१ ला खर्डीवरून जाऊन कसारा. बस्स. पुढे थळ घाट. कसारा ते इगतपुरी हा टप्पा सुरू झाला १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे बरोब्बर चार वर्षं मुंबईहून येणारी गाडी घाटाच्या पायथ्याशी येऊन संपत होती.

आणि ही चार वर्षं कुठली? एप्रिल १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. सगळं इंग्लंड मुंबईकडे डोळे लावून बसलं. कापसाचे भाव असे काही चढले की मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर लोक वेड्यासारखे तुटून पडले. प्रेमचंद रायचंद हे नाव त्याच काळातलं. युद्ध संपलं एप्रिल १८६५ ला, आणि त्याच उन्हाळ्यात हा सगळा फुगा फुटला.

आता दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघा. ज्या चार वर्षांत जगाला खानदेश-वऱ्हाडच्या कापसाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच चार वर्षांत थळ घाट रेल्वेला बंद होता. वरून आलेल्या कापसाला गाड्या-बैलांवरून घाट उतरूनच खालच्या रुळांपर्यंत पोचावं लागत होतं.

असं रूळ संपतात ते ठिकाण कसं असतं याची कल्पना दुसऱ्या बाजूच्या भोर घाटावरून येते. तिथे १८५८ साली वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली होती, खालून मुंबईची गाडी होती, आणि मधला घाट १८६३ ला खुला होईपर्यंत लोक तो पालखीतून, तट्टावरून, गाडीतून पार करत होते. वर एक आगगाडी, खाली एक आगगाडी, आणि मधे माणसाचा खांदा. माझ्या धंद्यातल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. दोन वेगवान यंत्रणा आणि त्यांना जोडणारा एक माणूस, जो हातानं यादी उतरवून घेतोय! सगळ्या साखळीचा वेग तो ठरवतो आणि सगळ्यात कमी पगारही त्यालाच असतो.

घाट फोडणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. भोर आणि थळ या दोन्ही घाटांची आखणी ज्याच्या नावावर आहे तो मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली १८६२ साली वारला. दोन्हीपैकी एकही घाट चालू झालेला त्यानं पाहिला नाही. त्याचं नाव निदान पुस्तकात आहे. कॉलऱ्यानं, तापानं, सुरुंगानं आणि कड्यावरून पडून या घाटांत हजारो मजूर गेले, त्यांची नावं कुठेच नाहीत. कसाऱ्यावरून वर जाताना बोगदे मोजायचा खेळ आम्ही लहानपणी खेळायचो. आता तो खेळ खेळताना जरा गप्प व्हायला होतं.

*

१८६५ नंतर काय झालं? पायरी गेली नाही, पण तिचा त्रास गाडीतल्या मालाला जाणवेनासा झाला. नागपूरपर्यंत रूळ पोचले १८६७ ला. कापसाची वाघीण वर भरायची ती थेट मुंबईला रिकामी करायची. मधे उतरवायचं काही कारणच उरलं नाही.

थांबे मात्र पूर्ण गेले नाहीत. ते यंत्राच्या अडचणीपाशी जाऊन साठले. थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. भारतातल्या मोठ्या रेल्वेमार्गांवर इतका तीव्र चढ क्वचितच सापडतो. सुरुवातीला घाटात गाडीची दिशा उलटी करायचं स्टेशनसुद्धा होतं. एका इंजिनानं हा चढ चढत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती वर इगतपुरीला सोडायची. म्हणून कसारा मोठं झालं आणि इगतपुरी तर रेल्वेचंच गाव झालं. शेड, क्वार्टर्स, शाळा, सगळं. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली. पुढे इगतपुरीच्या अलीकडे एका जातीची वीज आणि पलीकडे दुसऱ्या जातीची अशी स्थिती झाली, त्यामुळे इंजिन बदलायला प्रत्येक गाडी तिथे थांबायची. इगतपुरीच्या फलाटावरच्या वड्याची चव माझ्या पिढीला माहीत आहे ती या तांत्रिक अडचणीमुळे! दोन हजारच्या दशकात वायरीतली वीज बदलली आणि इंजिन बदलायचं ते कारण संपलं.

बँकरचीही तीच गत होणार असं दिसतंय. २०१९ साली नाशिकमार्गे राजधानी सुरू झाली तेव्हा तिला पुढे आणि मागे अशी दोन इंजिनं जोडून घाट चढवायची सोय केली, बँकर लावायचा वेळ वाचावा म्हणून. फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत तर बँकरशिवायच घाट चढते, कारण तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत.

आणि खर्डी? खर्डी घाटाच्या अलीकडे बारा-तेरा किलोमीटरवर. इंजिन बदलायला नको, बँकर जोडायला नको. अडचण नाही म्हणून थांबाही नाही. एक्सप्रेस येतात, शिट्टी मारतात, जातात.

रस्त्याचंही हेच झालं. मामा सांगतो, त्याच्या लहानपणी ट्रक घाटाच्या आधी थांबायचे. इंजिन तापलेलं असायचं, रेडिएटरला पाणी हवं असायचं, टायर ठोकून बघायचे, ड्रायव्हर-क्लीनर जेवायचे, खाटेवर तासभर पडायचे. पाण्याचा डबा भरून देणाऱ्या पोरांना चार आणे मिळायचे आणि त्या पोरांत मामाही होता. आता ट्रकला ते पाणी लागत नाही. रस्ता चौपदरी झाला. त्यात समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा, इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर, ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो शहापूर तालुक्यातूनच येतो. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत घाट पार करते. नाणेघाटापासून चालत आलेली पायरी आता ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही.

वर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाचं सोडा, इथून पाणीदेखील न थांबता जातं. तानसा धरण १८९२ चं. त्यानंतर वैतरणेवरची धरणं झाली, भातसा झालं. सगळी याच भागात, आणि मुंबईची तहान भागते ती मुख्यतः यांच्यावर. पाणी बरंचसं उतारानंच जातं. म्हणजे ज्या उतारानं दोन हजार वर्षं माल चढवणाऱ्यांचा घाम काढला तोच उतार पाण्याला फुकटात मुंबईला नेतो. आणि एप्रिल-मे मधे याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

*

हे सगळं वाचून झाल्यावर मी मामाच्या प्रश्नाकडे परत आलो. हात केला असता तर थांबला असता काय?

मला जे उमगलं ते असं. या वाटेवर आजवर जे जे थांबलं ते अडचणीमुळे थांबलं. बैल दमला, रूळ संपले, इंजिनाला चढ झेपेना, रेडिएटर तापला. वाटेतल्या माणसासाठी कुणी थांबत नव्हतं. अडचण होती म्हणून थांबणं भाग होतं, आणि थांबल्यावर वाटेतल्या माणसाला त्यातला वाटा मिळत होता. माझ्यासारखे लोक गेली पावणेदोनशे वर्षं एक-एक अडचण काढून टाकतायत. ते चुकलं असं मी म्हणणार नाही. भिजलेल्या कापसाचा तोटा कुणाला हवाय? घाटात पाठ मोडून घ्यायची कुणाला हौस आहे? पण अडचण काढताना तिला चिकटलेला तो वाटाही निघून जातो आणि तो हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. प्रोग्रामच्या लेखी थांबा म्हणजे नुसता दंड. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला तिथे चल-राशीच नाही.

मग आजच्या घडीला खर्डीला थांबतं तरी काय?

लोकल थांबते. पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात एकदा चढून बघा. पावसाच्या तोंडावर पाड्यांवरच्या बाया शेवळांच्या जुड्या आणि काकडं घेऊन चढतात. नंतर कंटोली. त्याआधी उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. कल्याणला, ठाण्याला उतरतात, पुलाखाली बसतात, दुपारच्या गाडीनं रिकाम्या पाट्या घेऊन परत. मामाही हिवाळ्यात भेंडी आणि काकडी अशीच न्यायचा. गोण्यांच्या तोंडाला लाल चिंधी बांधायचा, कल्याणला अंधारात चटकन ओळखू यावी म्हणून. आमच्या बारकोडचं काम त्या चिंधीनं वर्षानुवर्षं बिनचूक केलं. या बायांच्या डोक्यावरचा भारा बैलाच्या १०९ किलोंपुढे काहीच नाही, पण नाणेघाटापासून आजपर्यंत न बदललेलं वाहतुकीचं साधन कुठलं असेल तर तो हा भारा.

आता बघा, लोकल खर्डीला का थांबते? तिचं इंजिन तापत नाही, तिला पाणी नको असतं. त्या दिवशी फलाटावर पाच माणसं असोत की पाचशे, ती थांबते. कारण वेळापत्रकात तसं लिहिलंय. कुणीतरी कधीतरी ठरवलं की इथे थांबायचं, आणि मग तो प्रश्न रोज नव्यानं सोडवायचा नाही. अडचणीमुळे मिळालेला थांबा अडचणीबरोबर जातो. ठरवून दिलेला थांबा टिकतो.

सोमवारी ऑफिसमधे मी हे (नाणेघाट वगळून!) आमच्या टीमसमोर मांडलं. साहेबांचा पहिला प्रश्न, "अशा गावांना रोजची पार्सलं किती?" म्हटलं, चार-पाच. ते हसले. पुढचा अर्धा तास कसा गेला ते तुम्ही ओळखलं असेलच. शेवटी एवढंच मान्य झालं की हमरस्त्यावरच्या काही गावांना आठवड्यातून दोन दिवस ठरलेला थांबा देऊन बघायचा. एक किराणा दुकान, मंगळवार आणि शुक्रवार, माल असो वा नसो. प्रोग्राममधे त्या दोन दिवसांपुरता थांब्याचा दंड शून्य केला. बदल फक्त एका ओळीचा, पण ती ओळ लिहिताना मला जरा बरं वाटलं. खर्डी आहे त्या यादीत, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. :-)

तीन आठवडे झालेत. आकडे फारसे चांगले नाहीत. दोन मंगळवारी गाडी दुकानापाशी थांबली आणि काहीही न देता-घेता निघून गेली. महिनाअखेरीला हा प्रयोग बंद करायचा की नाही यावर मीटिंग आहे आणि तिथे काय बोलायचं ते मी अजून ठरवतोय. "लोकांना कळायला वेळ लागतो" हे म्हणायला सोपं आहे. डिझेल कुणाच्या खिशातून जातंय, हा साहेबांचा प्रश्नही खोटा नाही.

काल मामाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, आता मंगळवार-शुक्रवार गाडी थांबते तुझ्या नाक्यावर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कल्याणला जाताना रिकामीच जाते काय रे ती? भेंडी घेईल का?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. परतीची गाडी. मीटिंगला अजून नऊ दिवस आहेत.